कुलूपबंद खेळणी

बालशिक्षणाचे साहित्य देशात तयार आहे. ते मुलांच्या हाती पडू देणारा कारभार मात्र अजून घडायचा आहे...

उत्तर भारतातील एका जिल्ह्यात जिल्हाधिकारी असताना एका अंगणवाडीला मी पूर्वसूचना न देता भेट दिली होती. खोली स्वच्छ होती, वजनकाटा जागेवर होता, आहाराच्या नोंदी चोख होत्या. वीसेक मुले भिंतीला पाठ टेकून, हाताची घडी घालून बसली होती. कोपऱ्यातील लोखंडी कपाट उघडायला सांगितले, तर आत लाकडी ठोकळे, मण्यांची चौकट, चित्रकार्डे आणि गोष्टींची पुस्तके, सारे काही मूळ वेष्टनात जसेच्या तसे होते. सेविकेला कारण विचारले. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, ‘‘साहेब, हे सगळं जडसंग्रह नोंदवहीत चढवलंय. काही फुटलं, हरवलं तर भरपाई माझ्या मानधनातून होईल.’’ मला तिच्यावर रागावता आले नाही. साहित्याची वार्षिक पडताळणी करून तुटीची जबाबदारी निश्चित करण्याचे परिपत्रक माझ्याच सहीने निघाले होते.

ही आठवण आज सांगण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत बालशिक्षणाच्या साहित्याबाबत केंद्र शासनाने जेवढे काम केले, तेवढे त्यापूर्वीच्या कित्येक दशकांत झाले नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्रके व गोष्टींची पुस्तके असलेला ‘जादुई पिटारा’ १३ भारतीय भाषांत उपलब्ध झाला. त्याच वर्षी ‘पोषण भी, पढाई भी’ या कार्यक्रमाने अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. पाठोपाठ २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हे आराखडे जाहीर झाले. पहिल्यात ३६ महिन्यांचे कृति-वेळापत्रक आहे, दुसऱ्यात ४८ आठवड्यांचा अभ्यासक्रम. साहित्य नाही, ही तक्रार आता पूर्वीच्या जोराने करता येणार नाही. प्रश्न आहे तो हे साहित्य वापरणाऱ्या हातांचा.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे मुले शिकू लागल्यावर थोड्याच वर्षांत शिक्षकांना घडवण्याची व्यवस्थाही उभी राहिली, आणि गिजुभाईंची लेखणी शिक्षकांइतकीच आईबापांसाठीही झिजली. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये अड्यार येथे आल्या, त्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि त्या काळात त्यांच्या हाताखालून तयार झालेले शिक्षक देशभर पांगले. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्यासह काम आरंभले, तेव्हा आदिवासी मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच पाड्यावरील अंगणात गेली. महागडी परदेशी उपकरणे तेथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, पाने, बिया, काटक्या आणि खडे हीच मोजणीची व वर्गीकरणाची साधने झाली. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगाचे देणे आहे.

या तिन्ही ठिकाणी प्रशिक्षित माणसाला साधनाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व होते. शिंपला घेऊन काय करायचे हे जाणणारी बाई समोर असेल तर शिंपला पुरतो. ती नसेल तर उत्तमातला उत्तम पिटाराही कपाटात राहतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्यांचे जाळे पसरलेले आहे. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. उरलेल्या पाच आहार, आरोग्य व लसीकरणाशी निगडित. कुपोषणाने ग्रासलेल्या देशात हा अग्रक्रम योग्यच होता. परंतु त्यातून एक प्रशासकीय सवय जडली. वजन मोजता येते, शिधा मोजता येतो. मुलाशी झालेला संवाद मोजता येत नाही. म्हणून वरिष्ठ पहिल्या दोहोंबद्दल विचारतात आणि सेविका त्यांचीच तयारी ठेवते. तिच्याकडून पोषण, सर्वेक्षण, भ्रमणध्वनीवरील नोंदी आणि शिक्षण या साऱ्यांची अपेक्षा आहे. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेले तिचे मानधन दरमहा ४,५०० रुपये. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले.

कायद्याचे पाठबळही येथे तोकडे आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुले अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नुसार त्यांच्यासाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’. मेंदूच्या विकासाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहा वर्षांपूर्वी होतो असे जे धोरण सांगते, त्याच देशात त्या वयासाठी ‘शकेल’ हे क्रियापद पुरेसे मानले गेले आहे. हक्क नसलेल्या ठिकाणी सारी भिस्त कारभारावर असते. म्हणून कारभारातील लहान दुरुस्त्यांनाही येथे मोठे मोल आहे. त्यांपैकी तीन सुचवतो.

पहिली हिशेबाची. मुलांची खेळणी आणि चित्रपुस्तके जडसंग्रहातून काढून उपभोग्य वस्तूंत धरावीत. खडू झिजला म्हणून आपण शिक्षकाकडे भरपाई मागत नाही. मग चार वर्षांच्या मुलाने पुस्तकाचे पान फाडले तर सेविकेने का भरावे? फाटलेले पान हा वापराचा पुरावा आहे. वर्षअखेरीस नवेकोरे राहिलेल्या संचाबद्दल खुलासा मागावा आणि झिजलेल्या संचाच्या जागी नवा द्यावा. या बदलाला खर्च थोडा लागेल, पण लेखापरीक्षकाला आपला प्रश्न उलटा विचारावा लागेल.

दुसरी छात्राध्यापकांची. आपल्या अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक तरुणांचा सराव पहिलीपासूनच्या वर्गांत होतो. फळा, पाठ्यपुस्तक आणि रांगेत बसलेली मुले हेच त्यांच्या मनातील शाळेचे चित्र. तीन वर्षांच्या मुलाचे दहा मिनिटे केवळ निरीक्षण करणे, ते कशाकडे वळते, कोठे थबकते हे टिपणे, ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती व्याख्यानातून येत नाही. प्रत्येक छात्राध्यापकाने काही आठवडे जवळच्या अंगणवाडीत काढावेत. सेविकेला त्यातून मदतीचा हात मिळेल आणि तिचा अनुभव विद्यार्थ्याला. अंगणवाडी सेविकांसाठी धोरणाने सहा महिन्यांचा वा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे, तो बहुतांशी दूरस्थ पद्धतीचा. पडद्यावरील धड्याला प्रत्यक्ष सोबतीची जोड अशा रीतीने मिळू शकेल.

तिसरी कुटुंबांची. तीन वर्षांखालील मूल अंगणवाडीत फार थोडा वेळ असते; त्याची शाळा म्हणजे घर. आईबापांना येथे पाहुण्यासारखे बोलावून सूचना ऐकवण्याची रीत सोडावी लागेल. घरी गोंडी, भिली किंवा कुडुख बोलणाऱ्या मुलापर्यंत १३ भाषांतील पिटाराही अर्धाच पोहोचतो. पण त्या पाड्यावरील आजीला अंगाईगीते, उखाणे, बोटांचे खेळ आणि गोष्टी येतात. आठवड्यातून एक दिवस तिला अंगणवाडीत मानाने बसवावे, छात्राध्यापकाने ते लिहून घ्यावे, चित्रे काढून त्याचे पुस्तक करावे. मजुरीवरून थकून येणाऱ्या बापालाही हे उमगावे की भाकरी होईपर्यंत मुलाशी मारलेल्या गप्पा म्हणजे शिक्षणच आहे.

त्या भेटीनंतर मी परिपत्रक मागे घेतले. काही महिन्यांनी त्याच अंगणवाडीत गेलो. ठोकळ्यांपैकी दोन हरवले होते, मण्यांची दोरी तुटली होती आणि एका पुस्तकाला मुखपृष्ठ उरले नव्हते. आवाज इतका होता की सेविकेचे बोलणे मला नीट ऐकू आले नाही. भेटीच्या शेऱ्यात मी ‘समाधानकारक’ लिहिले. बदली होऊन गेलो तेव्हा तो शेरा माझ्या उत्तराधिकाऱ्याने बदलला की राहू दिला, हे मी विचारले नाही. एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली सुधारणा त्याच्यासोबतच जाते; म्हणूनच ती नियमात उतरली पाहिजे.