नुसते ओठ हलवू नका!

मुलांनो, गाण्याच्या तासाला तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का, "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव"? मी सांगितलं होतं. माझ्याच चौथीच्या वर्गातल्या एका मुलाला. ही माझ्या चुकीची गोष्ट आहे, आणि ती चूक कुणी दुरुस्त केली त्याचीही.

आमची शाळा मुळशी तालुक्यातली, भातखाचरांच्या कडेला. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं आणि मी आईवरचं एक गाणं बसवत होते. पेटीवर सूर द्यायचा, मी ओळ म्हणायची, मुलांनी मागून म्हणायची. आठवड्यात गाणं पाठ झालं. पण ऐकताना वाटायचं, मुलं पाढेच म्हणतायत! त्यात हा एक आवाज सगळ्यांत मोठा आणि सुरापासून लांब. म्हणून मी त्याला ते वाक्य बोलले. दुसऱ्या दिवसापासून तो खरंच नुसते ओठ हलवू लागला.

चार दिवसांनी त्याची आजी शाळेत आली. वाटलं, आता भांडण! पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, पोरगं घरी गुनगुनायचं, त्ये बंद झालं. गानं कशाचं हाय, त्ये तरी सांगा." मी सांगितलं. तशा त्या मुलांकडे वळल्या, "आई घरी नसली म्हंजी कसं वाटतं रं?"

वर्ग गप्प. मग त्यांचा नातूच हळू आवाजात म्हणाला, "संध्याकाळ लई मोठी वाटते."

त्याची आई कामासाठी पुण्यात राहते, रविवारी येते. हे मला माहीत होतं, बरं का! पण गाणं शिकवताना आठवलं नाही. आठवडाभर मी ओळी शिकवल्या. त्या ओळींत काय आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

जात्याची शाळा

मग आजींनी जात्यावरची एक ओवी म्हणून दाखवली. माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बहिणीची. समोर जातं नव्हतं, तरी त्यांचा हात फिरत होता.

पूर्वी आपल्याकडे पहाटे उठून बायका जात्यावर दळायच्या. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी चालायची. त्यांना ना पेटी, ना संगीतशिक्षक. आई, आत्या, सासू यांच्याकडून ऐकून शिकायचं आणि त्यात स्वतःच्या मनातलं घालायचं. जे घरात कुणाला सांगता येत नसे, ते जात्याला सांगायचं.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मुकी झाली. पण गंमत पाहा, हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोन अभ्यासकांनी १९८०च्या दशकात आपल्या मुळशी भागातूनच या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावोगावच्या बायकांच्या मदतीने महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या! शाळेची पायरी न चढलेल्या कितीतरी बायांचे विचार त्यांत आहेत.

रडू आलं तर?

आजींनी नातवाला पहिली ओळ म्हणायला सांगितली. तो हळू म्हणू लागला. हळू म्हटल्यामुळे त्याला पेटीही ऐकू आली आणि सूर बराच जवळ आला. पण अर्ध्यावर त्याचा गळा दाटला, आवाज तुटला.

"थांब. श्वास घे," आजी म्हणाल्या. "आमी बी रडायचो, पन हात थांबला तर दळन व्हायचं कसं?"

केवढी मोठी गोष्ट ही! भावना नसेल तर गाणं कोरडं होतं. पण नुसती भावनाच असेल, तर गळा आवळतो आणि श्वास पुरत नाही. तिथे विचार मदतीला येतो. कुठे थांबायचं, कोणत्या शब्दाला जपायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे अर्थ कळला की कळतं. लता मंगेशकरांनीही उर्दू शब्दांची गाणी नीट म्हणता यावीत म्हणून शिक्षकाकडून उर्दूचे धडे घेतले होते. एवढा गोड गळा असूनही!

त्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. स्नेहसंमेलनात तो सगळ्यांबरोबर गायला. एक-दोन जागी सूर निसटला, अजूनही निसटतो. रियाजाला पर्याय नाही. पण त्या संध्याकाळी त्याची आई पुण्याहून लवकर सुटून आली होती, आणि तो ओठ हलवत नव्हता, गात होता.

करून पाहा

१. नवं गाणं आधी गोष्ट सांगावी तसं वाचा. कोण, कुणाला, का म्हणतंय?
२. असं आपल्याला कधी वाटलं होतं, ते आठवा.
३. अर्थ जिथे पुरा होतो, तिथे श्वास घ्या. शब्द मध्येच तोडू नका.
४. आधी हळू म्हणा, म्हणजे दुसऱ्याचा सूर ऐकू येईल.

आणि पालकहो, घरात आजी असेल तर आज रात्री तिला एक ओवी म्हणायला सांगा. मुलांना जवळ बसवा. पेटी नसली तरी चालेल.