'जन गण मन'ची चाल नेमकी कुणाची?

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन जवळ आला, की राष्ट्रगीताच्या चालीचे श्रेय कुणाकुणाला देणारे संदेश फिरू लागतात. त्यांतली माणसे खरी असतात, त्यांचे कामही मोठे असते. पण कुणी काय केले याची सरमिसळ झालेली असते.

गैरसमज : ही चाल आझाद हिंद फौजेतील कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी बांधली.
वस्तुस्थिती : गीत आणि चाल दोन्ही रवींद्रनाथ टागोरांची. २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कोलकाता अधिवेशनात हे गीत प्रथम गायले गेले. सप्टेंबर १९४२ मध्ये नेताजींच्या पुढाकाराने जर्मनीत हॅम्बुर्गला ते वाद्यवृंदावर वाजलेही होते. रामसिंग यांनी त्यानंतर, १९४३ मध्ये, 'शुभ सुख चैन' या हिंदुस्तानी गीताला संगीत दिले. ते मूळ गीतावरच बेतलेले होते. गोंधळ तिथून सुरू झाला.

गैरसमज : मार्गारेट कझिन्स यांनी मदनपल्लीत चाल रचली.
वस्तुस्थिती : १९१९ मध्ये रवींद्रनाथ आंध्रातील मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात मुक्कामाला होते. तिथे त्यांनी हे गीत गाऊन दाखवले आणि कझिन्सबाईंनी पाश्चात्त्य पद्धतीने त्याचे स्वरलेखन केले. चाल लिहून ठेवणे आणि चाल बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज : संगीत हर्बर्ट मरिल या इंग्रज संगीतकाराचे आहे.
वस्तुस्थिती : मरिल यांनी तयार चालीची वाद्यवृंदासाठी मांडणी केली. मूळ सुरावट त्यांची नाही.

गैरसमज : 'वंदे मातरम्'ला बँडवर वाजेल अशी चालच कुणी दिली नाही.
वस्तुस्थिती : मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी झिंझोटी रागात अशी चाल बांधली, बँडवर वाजवून घेतली आणि दिल्लीत नेत्यांसमोर तिचे प्रात्यक्षिकही दिले. मात्र १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये 'जन गण मन' वाद्यवृंदावर वाजले आणि दाद मिळवून गेले. नेहरूंनी १९४८ मध्ये संविधान सभेत याच अनुभवाचा दाखला दिला. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान मिळाला.

रामसिंग, कझिन्स, मरिल आणि मास्टर कृष्णराव यांचे काम आपापल्या जागी आदराचे आहे. दुसऱ्याचे श्रेय त्यांच्या नावावर टाकल्याने तो आदर वाढत नाही. शाळेच्या फलकावर किंवा सूत्रसंचालनात राष्ट्रगीताचा उल्लेख कराल, तेव्हा एवढे अवश्य सांगा : शब्द रवींद्रनाथांचे आणि चालही त्यांचीच.