'मला नाच येत नाही' म्हणणाऱ्या मुलांसाठी पाच जपानी गाणी



स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की प्रत्येक वर्गात दोन गट पडतात. एक 'मी नाचणार' म्हणून हात वर करणारा, दुसरा 'मला नाच येत नाही' म्हणत मागच्या बाकावर सरकणारा. या दुसऱ्या गटातल्या बहुतेक मुलांनी खरं तर कधी नाचून पाहिलेलंच नसतं. आठ-नऊ वर्षांचं मूल स्वतःबद्दल असा निकाल देऊन टाकतं आणि तो निकाल पुढे आयुष्यभर तसाच राहतो. म्हणून आज अशा गाण्यांची ओळख करून घेऊया, ज्यांचे नाच नवख्या माणसाला जमावेत म्हणूनच बसवलेले आहेत. ही गाणी आहेत जपानी पॉप संगीतातली.

सोपा नाच म्हणजे नेमकं काय?

जपानमध्ये गाण्यावर बसवलेल्या हालचालींना 'फुरित्सुके' म्हणतात. सोप्या फुरित्सुकेत तीन गोष्टी दिसतात. पहिली, हालचाल मोजकी असते आणि ध्रुवपद आलं की तीच परत येते. दुसरी, हातांना काम जास्त आणि पायांना कमी असतं. तिसरी, हालचालीला काहीतरी अर्थ असतो, त्यामुळे ती पाठ करावी लागत नाही, लक्षात राहते.

ही रीत तिथल्या लोकांना नवी नाही. उन्हाळ्यात पितरांच्या स्मरणाच्या 'ओबोन' सणात गावोगावी 'बोन ओदोरी' हा नाच होतो. मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती लोकांचं रिंगण. आपल्या भोंडल्याचं रिंगण आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. त्यातला 'तान्को बुशी' हा नाच फुकुओका भागातल्या कोळसा खाणींच्या गाण्यावरचा आहे. कोळसा खणायचा, खांद्यावर टाकायचा, गाडी ढकलायची, शेवटी टाळी वाजवायची. एवढ्यात नाच संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवा माणूस पुढच्याचं बघत बघत दोन फेऱ्यांत शिकतो. पुढे दिलेल्या गाण्यांचे नाचही असेच बघून उचलता येतात.

शाळेतही नाचाला जागा आहे. एप्रिल २०१२ पासून जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत पहिल्या दोन वर्षांसाठी, म्हणजे साधारण १२ ते १४ वयाच्या सगळ्या मुलामुलींसाठी, शारीरिक शिक्षणात नृत्य सक्तीचं झालं. आवड असो वा नसो, प्रत्येकाला थोडं तरी नाचावं लागतं.

सोप्याकडून अवघडाकडे: पाच गाणी

१. यंग मॅन (१९७९). 'वायएमसीए' या अमेरिकी गाण्याचा हा जपानी अवतार, गायक हिदेकी साइजो. ध्रुवपदात दोन्ही हातांनी वाय, एम, सी, ए ही चार इंग्रजी अक्षरं करायची असतात. पाय जागेवर राहिले तरी चालतात. पहिली-दुसरीच्या मुलांची अक्षरांची उजळणीही होते. सुरुवात इथूनच करा.

२. चू चू ट्रेन (१९९१). 'झू' या गटाचं हे गाणं, पुढे २००३ मध्ये 'एक्झाइल' गटाने ते पुन्हा गायलं. मुलं एकामागे एक रांगेत उभी राहतात आणि शरीराचा वरचा भाग गोल फिरवतात. सगळ्यांनी एकदम फिरायचं नाही. पुढच्याने सुरुवात केली की क्षणभर थांबून मागच्याने. समोरून पाहिलं तर फूल उमलल्यासारखं दिसतं. इथे शेवटचं मूलही पहिल्याइतकंच महत्त्वाचं असतं, कारण एक जरी चुकला तरी आकृती मोडते. 'मागे उभा राहतो' म्हणणाऱ्या मुलाला हे गाणं मुद्दाम द्या.

३. कोइसुरु फॉर्च्यून कुकी (२०१३). 'एकेबी फोर्टीएट' या मुलींच्या मोठ्या गटाचं गाणं, नृत्यदिग्दर्शक पापाया सुझुकी. चाल जुन्या डिस्कोसारखी, वेग मध्यम. ध्रुवपदात दोन्ही तळहातांमध्ये भाताचा गोळा वळल्यासारखी हालचाल आहे. आपण मुलांना सांगताना 'लाडू वळा' म्हणावं, लगेच कळतं. या गाण्यावर जपानमधल्या कंपन्यांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या चित्रफिती केल्या. कानागावा प्रांताच्या चित्रफितीत तर खुद्द गव्हर्नर नाचले. पालक-शिक्षकांनी मिळून करायला हे उत्तम.

४. पाप्रिका (२०१८). केन्शी योनेझू यांनी लिहिलेलं आणि संगीत दिलेलं, 'फूरिन' या पाच मुलांच्या गटाने गायलेलं गाणं. २०२० च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने 'एनएचके' या सार्वजनिक वाहिनीच्या उपक्रमासाठी ते तयार झालं आणि २०१९ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्याला मिळाला. नृत्य कोहारू सुगावारा आणि तोमोहिको त्सुजिमोतो यांचं. यात उड्या आहेत, हात मोकळे सोडणं आहे, मुलं अंगणात खेळताना करतात तशा हालचाली आहेत. पण गाणं लांब आहे आणि दम लागतो. तिसरीच्या पुढे घ्यावं, आणि सुरुवातीला फक्त ध्रुवपद.

५. कोइ (२०१६). गेन होशिनो यांचं गाणं. 'कोइ' म्हणजे प्रेम. एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी कलाकार यावर नाचत, आणि बघता बघता सगळा देश नाचू लागला. जपानमधल्या तेव्हाच्या अमेरिकी राजदूत कॅरोलिन केनेडी यांनीही दूतावासाच्या चित्रफितीत हा नाच केला. नृत्य मिकिको यांचं. दिसायला सोपं वाटतं, पण वेग जास्त आणि बोटा-मनगटाचं काम बारीक आहे. म्हणून शेवटी ठेवलं. आधीची दोन-तीन गाणी जमल्यावर मोठ्या मुलांना द्या.

वर्गात कसं शिकवाल?

१. आधी फक्त ऐका. गाणं लावून एक ते आठ मोजत टाळ्या वाजवा. लेझीमला आपण अंक मोजतो तसंच. हे मोजणं पक्कं झालं की अर्धं काम झालं.

२. बसून हात करा. मुलं बाकावर बसलेली असतानाच ध्रुवपदातले हात शिकवा. उभं राहण्याची लाज यात मधे येत नाही.

३. पाय वेगळे शिकवा. गाण्याशिवाय, नुसत्या मोजण्यावर. मग हात आणि पाय एकत्र.

४. वेग कमी करा. व्हिडिओची गती पाऊणपट करून सराव घ्या. जमलं की मूळ गतीवर या.

५. आरसा व्हा. मुलांकडे तोंड करून शिकवत असाल तर त्यांचा उजवा हात तो तुमचा डावा. हे जमत नसेल तर सरळ पाठ करून उभे राहा.

६. अर्थ सांगा. गाणं कशाबद्दल आहे हे कळलं की हालचालीत जीव येतो.

शब्दांची भीती बाळगू नका. जपानीचे पाच स्वर आपल्या अ, इ, उ, ए, ओ यांच्या जवळचे आहेत, आणि बहुतेक अक्षरं व्यंजन अधिक स्वर अशी असतात. त्यामुळे ध्रुवपद देवनागरीत फळ्यावर लिहिलं तर मुलं ते वाचून म्हणू शकतात.

एक गोष्ट जपा

आपल्याकडे चांगली नाचणारी मुलं पुढच्या रांगेत आणि बाकीची मागे, अशी रचना आपोआप होते. या गाण्यांसाठी ती मोडा. ध्रुवपद तीन-चारदा येतं, दर ध्रुवपदाला रांगा बदला. सुट्या पाठांतरापेक्षा रिंगण चांगलं, कारण रिंगणात मागची रांगच नसते. चुकलेल्या मुलाला थांबवू नका. आठ अंकांनंतर तीच हालचाल पुन्हा येणार आहे, तेव्हा त्याला ती पकडता येईल. आणि स्वतःही नाचा. सर किंवा बाई चुकत चुकत नाचताना दिसल्या की मुलांची अर्धी भीती तिथेच जाते.

पालकांना एक विनंती. घरी सराव चालू असेल तेव्हा मोबाईलवर चित्रण करण्याआधी एकदा मुलाशेजारी उभं राहून हात हलवून पाहा. 'मला येत नाही' हे वाक्य मूल बहुतेक वेळा मोठ्यांकडूनच उचलतं.

यंदाच्या स्नेहसंमेलनात एक तरी नाच असा ठेवा, ज्यात वर्गातलं प्रत्येक मूल आहे. हात वर न करणारंही.