पडदा चालू, पण नवी खिडकी उघडेना!

आजचा किस्सा सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातला. सकाळी दहाला फोन आला, "इंजिनिअर साहेब, चलन उघडेना की ओ, गाडी गेटवर उभी आहे!"

गंमत म्हणजे लिनक्सचा तो कॉम्प्युटर चालूच होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ऑर्डरी दिसत होत्या. फक्त नवीन काही उघडत नव्हतं. लॉगमध्ये एकच ओळ: मॅक्सिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड.

आता हे क्लायंट म्हणजे काय? खिडक्या दाखवायचं काम एक्स सर्व्हर करतो. प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याशी जोडणी करतो, जणू पार्किंगचं टोकन घेतो. टोकनं ठरलेली, सहसा 256. संपली की नवीन गाडी बाहेरच. 'टू मेनी ओपन फाइल्स' ही तक्रार मात्र वेगळी. ती एका प्रोसेसच्या उघड्या फाइलींच्या मर्यादेची, जी बहुधा 1024 असते. जोडणीसुद्धा फाइलच मोजली जाते, म्हणून दोन्हींत गल्लत होते.

मी काय केलं? एक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये मॅक्सक्लायंट्स 512 केलं, रीस्टार्ट मारला आणि चहा प्यायलो. दोन दिवसांनी पुन्हा फोन!

मग डोकं चालवलं. टोकनं संपल्यावर एक्सएलएसक्लायंट्सलाही आत जागा मिळत नाही, म्हणून एसएसएचने आत शिरलो आणि पीएसची यादी काढली. झेनिटी, झेनिटी, झेनिटी... शेकड्यांनी! उशीर झालेल्या ऑर्डरची सूचना दर पाच मिनिटांना दाखवणारी स्क्रिप्ट माझीच होती. सूचना मोठ्या पडद्याच्या मागे उघडायची, तिथे ओके दाबणार कोण? तासाला बारा, वीस तासांत 240. बाकीचे प्रोग्रॅम धरले की टोकनं खलास.

उपाय एका शब्दाचा निघाला: झेनिटीला टाइमआउट 60. साठ सेकंदांनी खिडकी आपोआप बंद, टोकन परत. मर्यादाही पुन्हा 256 केली.

मर्यादा वाढवणं चूक नाही, खरंच एवढे प्रोग्रॅम लागत असतील तर जरूर वाढवा. पण आधी टोकनं कोण अडवून बसलंय ते मोजा. नाहीतर बिघाड जात नाही, फक्त दोन दिवस उशिरा येतो. आणि तोवर गाडी गेटवरच उभी राहते.

भेटू पुढच्या भागात!