वाकडेपणा कशापासून मोजायचा?

‘हनुवटी चार मिलिमीटर डावीकडे सरकलेली आहे.’ सीटी स्कॅनच्या अहवालात असे वाक्य आले की विचारायला हवे : डावीकडे, पण कशाच्या? चेहऱ्यावर मधली रेघ आखलेली नसते. मोजणारा ती आखतो आणि आकडा तिच्याप्रमाणे बदलतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेत हाड किती सरकवायचे हे याच आकड्यांवर बेतले जाते. म्हणून संदर्भ-प्रतलाची निवड मला मोजणीहूनही मोलाची वाटते.

सर्वांत परिचित आडवे प्रतल १८८२ सालचे. फ्रँकफर्टला जमलेल्या जर्मन मानववंशशास्त्रज्ञांनी ते ठरवले. दोन्ही कर्णछिद्रांच्या वरच्या कडा आणि डाव्या डोळ्याच्या खोबणीची खालची कड या तीन बिंदूंतून ते जाते. हेतू होता निरनिराळ्या संग्रहांतल्या कवट्या एकाच पद्धतीने ठेवून पाहण्याचा. रुग्णाची हनुवटी त्यांच्यासमोर नव्हती. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी डोके स्थिर ठेवून एक्स-रे काढण्याची पद्धत मांडली. त्यासाठी कानांत दांडे बसवले जात. दोन्ही कान एका पातळीत आहेत हे त्यात गृहीतच धरलेले. एक कान खाली असेल तर डोकेच कलते आणि दोष फोटोत झाकला जातो किंवा दुसरीकडे उमटतो.

बाजूने काढलेल्या एक्स-रेत डावे-उजवे एकावर एक येते, म्हणून समोरच्या चित्राकडे वळावे लागले. तिथेही डोके किंचित फिरले तरी पुढची आणि मागची हाडे एकमेकांपासून सरकलेली दिसतात. सीटी आणि सीबीसीटी (शंकूच्या आकाराच्या किरणझोताने काढलेला सीटी) यांनी ही अडचण दूर केली. प्रतल कुठे ठेवायचे हा प्रश्न मात्र अधिक उघडा पडला, कारण आता हवे ते तीन बिंदू निवडता येतात.

आणि इथे भूमिती फार कठोर आहे. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंतचे अंतर साधारण ११० मिलिमीटर धरू. चेहऱ्याचे डावे-उजवे भाग करणारे मध्यप्रतल एक अंश कलले की हनुवटीपाशी जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक पडतो. दोन अंशांनी कलले तर चार. म्हणजे सुरुवातीच्या अहवालातला सगळा वाकडेपणा प्रतलानेच निर्माण केलेला असू शकतो! नाकाचे मूळ आणि नाकाखालचा हाडाचा काटा हे दोन बिंदू मध्यरेषेसाठी सोयीचे वाटतात, पण त्यांच्यात अंतर जेमतेम ५० मिलिमीटर. काट्याची जागा एका मिलिमीटरने चुकली तर हनुवटीशी ती चूक दुपटीहून मोठी होते. शिवाय नाकाचा पडदा वाकडा असेल किंवा ओठ-टाळू दुभंगलेले असतील तर तो काटाच कललेला असतो.

रोगाने न बाधलेल्या भागातच प्रतल रोवावे, हा माझा आग्रह त्यामुळेच. बहुतेक रुग्णांत हे जमते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या १९९७ सालच्या आढाव्यात असममिती असलेल्यांपैकी ७४ टक्क्यांत ती चेहऱ्याच्या खालच्या भागात होती, वरच्या भागात फक्त ५ टक्क्यांत. अशा वेळी कवटीचा तळ आणि डोळ्यांच्या खोबणी भरवशाच्या ठरतात. पण चेहऱ्याची एक बाजू जन्मतःच खुरटलेली असेल तर कधीकधी कर्णछिद्र नसतेच. कवटीची पुढची शिवण एकाच बाजूने लवकर जुळली तर त्या बाजूची खोबण वर ओढली जाते आणि नाकाचे मूळही तिकडे झुकते. तिथे पाठ्यपुस्तकी बिंदू वापरणे म्हणजे वाकड्याच वस्तूवरून वाकडेपणा मोजणे.

अलीकडे आरशाची पद्धत रुजते आहे. संगणकावर कवटीची उलटी प्रतिमा करायची, मूळ प्रतिमेशी जुळवायची; दोहोंच्या मधोमध प्रतल आपोआप मिळते. दोन-तीन बिंदूंवरचे ओझे हलके होते, हा तिचा मोठा गुण. तरी संपूर्ण चेहरा जुळवायला घेतला तर संगणक जबड्यातला दोष सगळीकडे वाटून टाकतो : जबडा आहे त्यापेक्षा सरळ आणि निरोगी कपाळ वाकडे दिसू लागते. जुळवणीतून जबडा वगळावा. मग पद्धत चांगली चालते.

कवटीबाहेरचा आधारही आहे. १९५८ मध्ये मूरीज आणि कीन यांनी माणसाच्या स्वाभाविक उभ्या स्थितीतली डोक्याची ठेवण संदर्भ म्हणून अभ्यासली. यात उभी रेषा ओळंब्याने मिळते, कान-डोळ्यांवर विसंबावे लागत नाही. सीटीत रुग्ण झोपलेला असल्याने ही ठेवण वेगळी नोंदवून स्कॅनवर चढवावी लागते. मानेचा स्नायू आखडलेला असेल तर तीही फसवते. म्हणून शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उभे करून डोळ्यांच्या बाहुल्यांना जोडणारी रेषा नुसत्या नजरेने पाहावी. ती आणि संगणकाचे प्रतल यांत दोन अंशांचे अंतर निघाले, तर कोणते मानायचे हे हाड कापण्यापूर्वी ठरवावे आणि अहवालात आकड्याशेजारी लिहावे.