आवाज येतो, शब्द निसटतो

इचलकरंजीत साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये दोन माणसं हातभर अंतरावर उभी असली तरी बोलून उपयोग नसतो. धोटा या पेटीतून त्या पेटीत आपटत असतो, ओळीने माग चालू, डोक्यावर पत्रा. कांडी संपली, ताण्याचा धागा तुटला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचंय, सगळं हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालीवर. अशा शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्यांसाठीच्या नियमांत ९० डेसिबलला दिवसाचे आठ तास, ९५ ला चार आणि १०० ला दोनच तास मुभा आहे. इथली पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची.

या कामगारांचे कान कसे तपासतात हे बघायला मी गावातल्या एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमच्या खोलीत बसलो होतो. साठी ओलांडलेले एक काका बायकोबरोबर आले. उभा जन्म मागावर गेलेला. "आवाज येतोय वो, पण काय म्हणतायसा ते उमगत न्हाई," ते म्हणाले. काकूंचं म्हणणं वेगळं: "त्यांस्नी पायजे तेवढंच ऐकू येतंय." दोघंही खरं बोलत होते.

मॅडमनी आधी कानात डोकावून पाहिलं. मळ नव्हता, पडदा शाबूत होता. मग काकांना आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. "अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं काका. आल्यासारखा वाटला तरी दाबायचं." सुरुवात १००० हर्ट्झच्या स्वरापासून. ऐकू आला की १० डेसिबलने खाली, नाही आला की ५ ने वर. असं वरखाली करत त्या कानाची किमान पातळी गाठायची, मग पुढचा स्वर. दोन स्वरांमधलं अंतर मॅडम मुद्दाम कमीजास्त ठेवत होत्या, नाहीतर माणूस अंदाजाने बटण दाबत राहतो. त्यांची नजर यंत्रापेक्षा काचेपलीकडच्या चेहऱ्यावर जास्त होती. नंतर कानामागच्या हाडावर कंपक लावून तेच पुन्हा. दोष मधल्या कानात आहे की आतल्या, हे त्यावरून ठरतं.

आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, तयार झाला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. २५० आणि ५०० हर्ट्झवर कान जवळजवळ ठीक, २००० पासून घसरण, ४००० वर खोल खड्डा, ८००० ला किंचित वर. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. आतल्या कानात शंखाकृती नळीत साधारण पंधरा हजार केसपेशी असतात आणि एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मॅडमनी तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द म्हटला. "ताप." काका म्हणाले, "काप." "साप." पुन्हा "काप." शब्दातले अ, आ, इ हे स्वर जड आवाजाचे असतात, ते पोचतात. स, श, त, क ही व्यंजनं बारीक आवाजाची, ती नेमकी त्या खड्ड्यात पडतात. मग मॅडमनी कागद बाजूला केला आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. काकांनी बहुतेक बरोबर सांगितले. शेडने कान नेले होते, पण ओठ वाचायलाही शिकवलं होतं. म्हणून घरात इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. काकू समोर असल्या की "ऐकू येतंय", स्वयंपाकघरातून हाक मारली की नाही.

श्रवणयंत्र लावायचं ठरलं. कानाचा साचा घेण्याआधी मॅडमनी दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवला, मिश्रण पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून. मग दोन लगदे एकत्र मळून पिचकारीने कानात भरले. काही मिनिटांनी नखाने दाबून पाहिलं, खूण उठली नाही, तेव्हा हलकेच पिळून साचा बाहेर काढला आणि उजेडात फिरवून पाहिला. कुठे पोकळी राहिली तर त्यावरून बनवलेला मोल्ड सैल बसतो, यंत्र शिट्टी मारतं आणि माणूस वैतागून ते काढून ठेवतो.

पुढच्या भेटीत यंत्र संगणकाला जोडून आलेखाप्रमाणे बारीक आवाज तेवढे वाढवले, मोठ्या आवाजांना मर्यादा घातली. काका दचकले. पंखा, कागदाची चुरचुर, स्वतःचा घुमणारा आवाज, सगळं एकदम अंगावर आलं. चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं इथे होत नाही. मेंदूला हे आवाज नव्याने ओळखावे लागतात, त्याला आठवडे जातात. आधी शांत खोलीत तासभर, मग एकाच माणसाशी गप्पा, बाजार आणि लग्नकार्य सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

काकूंचा धडा वेगळा झाला. ओरडायचं नाही, ओरडल्याने स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. आधी हाक मारून लक्ष वेधायचं, चेहऱ्यावर उजेड येईल असं समोर बसायचं, टीव्ही बंद करायचा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगायचं. यंत्राच्या किमतीची चौकशी सगळे करतात, या धड्याकडे मात्र कानाडोळा होतो. कपाटात पडून राहिलेल्या किती तरी यंत्रांचं कारण मला इथे दिसतं.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. पण लहान शेड बऱ्याचदा अशा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि कामगार कानात कापूस कोंबून भागवतात. कापसाने आवाज फारसा अडत नाही. त्याऐवजी फोमचा प्लग घ्यायचा, बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोट ठेवायचं. एवढं नीट केलं तरच तो काम करतो.

मागावर असाल तर वर्षातून एकदा ऑडिओग्राम काढा आणि काही तक्रार नसतानाच काढा. ४००० वरचा खड्डा बोलणं अडण्याच्या कितीतरी आधी दिसतो, आणि तेव्हा उरलेलं ऐकणं वाचवता येतं. शेडमालकांनी प्लगची पेटी हजेरीच्या वहीशेजारी ठेवावी आणि पाळीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक जोडी द्यावी.