नगरच्या बंडाची कारणे

अंतर्गत युद्धाचे कारण पहिल्या गोळीत शोधू नये. अमेरिकेत १८६१ च्या एप्रिलमध्ये समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. परंतु दक्षिणेकडील राज्यांचे अर्थकारण सुमारे ४० लाख गुलामांच्या श्रमावर उभे होते, आणि पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत ही प्रथा पसरू द्यावयाची की नाही, यावर उत्तर व दक्षिण या विभागांचा तंटा कित्येक वर्षे धुमसत होता. त्याच्या तीस वर्षे आधी म्हैसूर संस्थानातही एक प्रांत राजधानीविरुद्ध उठला. तेथे वाद गुलामगिरीचा नव्हता. पण श्रम एकाचे आणि फळ दुसऱ्याचे, हे दुखणे मात्र तेथेही होते.

हा प्रांत म्हणजे नगर. आजच्या शिवमोग्गा जिल्ह्याचा परिसर. १७६३ मध्ये हैदरअलीने जिंकीपर्यंत तेथे केळदीच्या नायकांचे स्वतंत्र राज्य होते. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी बाल कृष्णराज वोडेयर यांस म्हैसूरच्या गादीवर बसविले आणि नगर त्या राज्यात राहिले. कंपनीच्या फौजेखातर संस्थानाला दरसाल सुमारे साडेचोवीस लाख रुपये द्यावे लागत. दिवाण पूर्णय्यांनी १८११ मध्ये कारभार सोडला तेव्हा खजिना भरलेला होता. पुढे तो रिता होत गेला.

रिता खजिना भरण्यासाठी ‘शरत’ नावाच्या पद्धतीचा आश्रय घेण्यात आला. ठरलेला वसूल भरून देण्याची हमी अमलदार देई आणि तूट आल्यास ती पदरची भरावी, अशी अट असे. पण पदरचे कोण देणार? तूट अखेर रयतेकडूनच वसूल होई. त्यातच धान्याचे भाव उतरले. नगरमधील अधिकाराच्या जागा वर्षानुवर्षे एकाच गटाच्या आप्तेष्टांकडे होत्या. त्यांत देशस्थ ब्राह्मणांचा भरणा मोठा. संस्थानाच्या दफ्तरांत कन्नडाबरोबर मराठीही चाले. तेव्हा या इतिहासाचा हिशेब मराठी माणसालाही चुकवता येत नाही.

१८३० च्या ऑगस्टमध्ये बसवपट्टण येथे रयतेच्या सभा भरू लागल्या. त्यांना ‘कूट’ म्हणत. त्यानंतर बूदी बसवप्पा नायक हा तोतया केळदीच्या गादीवर हक्क सांगत पुढे आला आणि तरीकेरेचा पाळेगारही बंडात सामील झाला. कंपनीच्या फौजेने १८३१ च्या जूनमध्ये नगर घेतले. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल बेंटिंकने संस्थानाचा कारभार महाराजांकडून काढून घेतला.

बंडाचे खापर तोतयावर फोडणे सोपे होते. पण तोतया फार तर काडी ओढतो. गंजी आधीच वाळलेली असावी लागते. ती वाळली होती वसुलीच्या कागदांत, आणि कागद राजधानीत वाचले जात होते ते केवळ जमेची बाजू पाहण्यासाठी. त्याची किंमत रयतेने रक्ताने दिली आणि राजघराण्याने अधिकाराने. कृष्णराज १८६८ मध्ये निवर्तले. संस्थानाचा कारभार राजघराण्याकडे परत आला तो १८८१ मध्ये, त्यांच्या दत्तक पुत्राच्या काळात.